‘वकीलपत्र घेणार नाही’ हा ठराव पुन्हा करू नका

महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका वकील संघांचे अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

गुन्हा घडतो, तालुका पेटतो. रास्ता रोको होतो, बाजारपेठ बंद होते, तहसीलवर मोर्चा जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाररूममध्ये तातडीची सभा बसते आणि दुपारपर्यंत संघाच्या लेटरहेडचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो : ‘सदर गुन्ह्यातील आरोपीचे वकीलपत्र संघाचा कोणताही सभासद स्वीकारणार नाही.’ खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि गोल शिक्का. संध्याकाळी स्थानिक चॅनेलवर आपल्या गेटसमोरचा काळ्या कोटांचा घोळका दिसतो, आणि गावाला वाटतं, चला, वकील तरी आपल्या बाजूनं आहेत.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी फौजदारी बाजूनं काम करतो. अशा सभांना मी बसलेलो आहे, त्यामुळं तिथली हवा मला नव्यानं कुणी सांगायला नको. कुणीतरी ज्येष्ठ उठतो, आपल्याही घरात लेकीबाळी आहेत म्हणतो, गळा दाटून येतो. तो गळा खरा असतो. पण त्यानंतर ‘विरोधात कोण?’ असं विचारण्याला काही अर्थ उरत नाही, कारण त्या घटकेला हात वर करणारा माणूस आरोपीचा पाहुणा ठरतो. म्हणून हे ठराव नेहमी ‘एकमतानं’ होतात. एरवी बारच्या निवडणुकीत चहाच्या कंत्राटावरून दोन गट पडणाऱ्या आपल्या संघांत एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मला आठवत नाही.

या ठरावांना कायद्यात किंमत शून्य आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. तरी एकदा लिहून टाकतो. कोइमतूरला वकील आणि पोलीस यांच्यात झटापट झाली होती, आणि तिथल्या संघानं त्या पोलिसांचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणजे तिथं तर मार खाल्लेले वकीलच होते. तरीही ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात डिसेंबर २०१० मध्ये न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी देशभरातल्या वकील संघांचे असे सगळे ठराव बेकायदा आणि रद्दबातल ठरवले. निकालाच्या प्रती सगळ्या संघांपर्यंत पोचवा, असंही सांगितलं. आपल्या कार्यालयाच्या लोखंडी कपाटात ती प्रत कुठंतरी असेलच. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम तर त्याहून जुने. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं वैयक्तिक मत काहीही असो, त्यानं बचाव करायचा आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क देणारा राज्यघटनेचा अनुच्छेद २२(१) तर आपण सनद घेतानाच पाठ केलेला असतो.

एका वकिलानं एखादं प्रकरण नाकारणं वेगळं. त्याला जमत नसेल, तो फिर्यादीच्या नात्यातला असेल, त्याच्या मनाला ते पेलत नसेल, त्यानं नाही म्हणावं. नियमही खास परिस्थितीत तेवढी मोकळीक देतात. पण ‘मी घेणार नाही’ आणि ‘इथं कुणीच घ्यायचं नाही’ यांत फार अंतर आहे. दुसऱ्या वाक्याला बहिष्कार म्हणतात. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केलेलं आपलं राज्य, आणि त्या कायद्याखालच्या केसेस चालवणारे आपण. ठराव मोडणाऱ्याचं सभासदत्व काढू अशी पुस्ती जोडताना आपल्याला अवघडल्यासारखं होत नाही, याचं मला नवल वाटतं.

आपल्याकडं हे पूर्वापार असंच चालत आलंय, असंही कुणी म्हणू नये. गांधीजींच्या खुनाइतका संताप या देशात दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यानं उसळला असेल असं वाटत नाही, आणि महाराष्ट्रात तर त्या संतापात घरं जळाली. तरी लाल किल्ल्यातल्या खटल्यात आरोपींना वकील होते. पुण्याचे ल. ब. भोपटकर सावरकरांच्या बचावाला उभे होते. सावरकर विशेष न्यायालयातच सुटले, आणि शिक्षा झालेल्यांपैकी दोघांना १९४९ मध्ये अपिलात पंजाब उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. त्या खटल्याबद्दल कुणाचं मत काहीही असो, फाशी झाली ती बचाव ऐकून झाली. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून सनातन्यांच्या शिव्या खाणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांची तसबीर आपल्या बहुतेक बाररूममध्ये आहे. ठरावाच्या सभा तिच्याच खाली होतात.

हा झाला कायदा आणि इतिहास. मला खरं बोलायचंय ते पहिल्या रिमांडबद्दल, म्हणजे अटक झालेल्याला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यासमोर आणून कोठडी मागतात त्याबद्दल. ठरावाचा फटका तिथं बसतो, आणि तो नेमका कुणाला बसतो हे बाररूममधून दिसत नाही.

आरोपीला बहुधा कामकाज संपता संपता आणतात. बाहेर गर्दी असते म्हणून मागच्या दारानं, तोंडावर बुरखा. हॉलमध्ये तपास अधिकारी, कोर्टातलं काम बघणारा पैरवीचा पोलीस, सरकारी वकील. रिमांड रिपोर्टमध्ये नेहमीचीच कारणं असतात : हत्यार जप्त करायचंय, साथीदार शोधायचेत, कपडे हस्तगत करायचेत. सात दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागतात. दंडाधिकारी साहेब विचारतात, वकील आहे का? नाही. पोलिसांविरुद्ध काही तक्रार? ज्याच्या ताब्यात परत जायचंय तो पाठीला खेटून उभा असताना माणूस काय सांगणार? नाही. पाच दिवस पीसीआर. सगळं मिळून चार मिनिटं.

त्या चार मिनिटांत बचावाचा वकील असला तर तो काही फार मोठी भाषणं ठोकत नाही. तो अटकेची वेळ बघतो आणि माणूस प्रत्यक्ष कधीपासून ठाण्यात बसवलाय ते विचारतो, कारण चोवीस तासांत कोर्टापुढं आणायचा हिशेब तिथंच चुकतो. अटकेची कारणं लेखी दिली का, आणि त्याला कळणाऱ्या भाषेत दिली का, हे तो बघतो. मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवून दिलंय की अगदी तातडीच्या अटकेतही ही कारणं रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत, नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. मेळघाटातल्या कोरकू पोराच्या हातात छापील मराठी कागद दिला, एवढ्यानं ते भागत नाही. वकील वैद्यकीय तपासणीचा कागद मागतो. आणि तो वय विचारतो.

एका कोर्टात मी माझ्या कामासाठी थांबलो होतो तेव्हाची गोष्ट. जिल्हा हलवून सोडणारं प्रकरण होतं, तिथल्या संघाचा ठराव झालेला होता. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेच्या पॅनलवरच्या एका तरुण वकील बाईंना साहेबांनी ऐन वेळी उभं केलं. फाइल नाही, आरोपीशी दोन शब्द बोलणं नाही. कठड्यात विशीतला मुलगा पायाच्या कडांवर तोल सांभाळत उभा होता. तक्रार आहे का, या प्रश्नाला त्यानं ‘नाही’ म्हटलं. बाई एवढंच म्हणाल्या, ‘सर, त्याला दरवाजापर्यंत चालून दाखवायला सांगावं.’ तो चालला. तळवे टेकवत नव्हता. साहेबांनी खाली बघून काहीतरी लिहिलं, त्याला सिव्हिल हॉस्पिटलला पाठवलं आणि रिमांड दोन दिवसांवर आणला. पुढं खरा माणूस परजिल्ह्यात सापडला आणि पोलिसांनीच या मुलाचं नाव कलम १६९ खाली, म्हणजे पुरावा नाही म्हणून, वगळलं. तेव्हा जुना कायदा होता. गावानं पहिल्या दिवशी ज्याला जाळा म्हटलं होतं तो हा मुलगा.

त्या बाईंचं बाररूममधलं टेबल दुसऱ्या आठवड्यात व्हरांड्यात आलं होतं. कुणी हलवलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

वयाचं म्हणाल तर पुण्याचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. पौड रस्त्यावर १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांचे खून झाले. त्यात लहान मुलं होती, गरोदर बाई होती. पुणेकरांना आजही त्या आठवणीनं शहारा येतो. आरोपींपैकी एकाला फाशी झाली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही. तो तुरुंगात शिकला, आणि पुढं कधीतरी राजस्थानातल्या त्याच्या शाळेचा दाखला पुढं आला. नावात फरक होता. चौकशी झाली आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी हा बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. तोवर त्यानं अठ्ठावीस वर्षांवर तुरुंगवास काढला होता, बराचसा फाशीच्या छायेत. बालगुन्हेगाराला कायद्यानं जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. तीन न्यायालयांतून प्रकरण गेलं, आणि वयाचा प्रश्न सुटला तो सगळं संपल्यावर. तिथं वकील नव्हते असं मी म्हणत नाही. वकील असूनही एवढं निसटतं, मग ठराव करून ती खुर्चीच रिकामी ठेवली तर काय होईल, एवढंच विचारतो.

तेही आपण पाहिलंय. हैदराबादजवळच्या, पशुवैद्यक तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१९ मध्ये शादनगरच्या वकिलांनी चौघा आरोपींचं वकीलपत्र घेणार नाही असं जाहीर केलं. दहा दिवसांच्या आत चौघेही पोलिसांच्या गोळीनं मेले, आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष आपल्या विदर्भातलेच, न्या. विकास सिरपूरकर. २०२२ च्या अहवालात आयोगानं म्हटलं की पोलिसांची गोष्ट विश्वास ठेवण्यासारखी नाही, गोळीबार जीव घेण्याच्या इराद्यानंच झाला, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. पहिल्या रिमांडला एखादा ज्युनिअर जरी उभा असता तरी त्यानं शाळेचा दाखला मागितला असता.

बदलापूर तर आपल्या घरचं. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानं रेल्वे रोखली गेली, कल्याणच्या वकिलांनी वकीलपत्र न घेण्याचं जाहीर केलं, आणि २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांवर बोट ठेवलं गेलं. उच्च न्यायालयात त्यावर काय काय झालं ते आपण वाचलेलं आहे. मला सांगायचंय ते वेगळंच. त्या दोन मुलींच्या आईवडिलांना त्या माणसाविरुद्धचा न्यायनिवाडा आता कधीच मिळणार नाही. साक्ष नाही, पुरावा नाही, निकालपत्राचा एक कागद नाही. ठरावामुळं गोळी सुटली असा आरोप मी कुणावर करत नाही. पण ज्या माणसाला वकील मिळू द्यायचा नाही असं आपणच जाहीर करतो, तो कुणाचाच नाही हा निरोप ठाण्यापर्यंत पोचतोच.

आता दुसरी बाजू. घाईघाईनं का होईना पण खटला चालला, शिक्षा झाली, लोक खूश. मध्य प्रदेशात खंडव्याला २०१३ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि तिच्या खुनाचा खटला चालला. सरकारी खर्चानं नेमलेला वकील उभा केला आणि त्याच दिवशी दोषारोप ठेवले. वकिलानं कागद कधी वाचायचे, आरोपीला कधी भेटायचं? पंधरवड्यात साक्षीपुरावे संपले, ४ मार्चला दोषी, मग फाशी. त्या वेळी जलद न्यायाचा नमुना म्हणून कौतुकच झालं असणार. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली आणि खटला पुन्हा चालवायला सांगितलं. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या प्रकरणात नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला साधारण सात दिवस तरी मिळाले पाहिजेत, असं बंधन घातलं. पुन्हा खटला, पुन्हा फाशी, पुन्हा परत. शेवटी २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली. खरा गुन्हेगार दुसराच कुणी असेल तर इतक्या वर्षांनी त्याचा माग कोण काढणार? बचावाला सात दिवस न दिल्याची किंमत ही.

याच्या उलट २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबचं प्रकरण. त्याच्यासाठी मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या वकिलांनीही ठराव केला होता. पहिल्यांदा नेमलेल्या वकील बाईंच्या घरावर दगडफेक झाली. तरीही न्यायालयानं वकील दिला, तो बदलावा लागला तेव्हा दुसरा दिला, उच्च न्यायालयात दिला, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांच्यासारखा ज्येष्ठ वकील दिला. सुरुवातीला वकील नव्हता, म्हणून खटलाच बाद, असा मुद्दा तिथं मांडला गेला. न्यायालयानं तो तपासला, फेटाळला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये फाशी कायम केली. वर हेही सांगून ठेवलं की दंडाधिकाऱ्यासमोर पहिल्यांदा हजर केल्या क्षणापासून आरोपीला वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तसं त्याला सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्या निकालाकडं आज जगात कुणी बोट दाखवू शकत नाही, ते या वकिलांच्या कामामुळं. त्यांना कुणी हारतुरे घातले नाहीत.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. जून २०२५ मध्ये ईडीनं अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना, त्यांनी अशिलाला दिलेल्या सल्ल्याबद्दल समन्स धाडलं तेव्हा देशभरातले संघ खवळून उठले. बरोबरच होतं. समन्स मागं घ्यावं लागलं. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं की नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मधले अपवाद सोडले तर तपास यंत्रणेला अशिलाची माहिती काढायला वकिलाला बोलावता येणार नाही, आणि अपवादातही वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागेल. त्या वेळी आपण म्हणालो, वकील आणि अशील यांच्या मध्ये कुणी यायचं नाही. मग गावातला मोर्चा मध्ये आला की आपण बाजूला का होतो? आणि मोर्चा यायच्या आधीच आपला संघ मध्ये का येतो?

भीती असते, ठाऊक आहे मला. ॲड. शाहिद आझमी यांना फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यात त्यांच्या ऑफिसात गोळ्या घातल्या. वय अवघं बत्तीस. २६/११ च्या खटल्यात ज्याची बाजू ते मांडत होते तो फहीम अन्सारी त्यानंतर तीन महिन्यांनी पुराव्याअभावी सुटला, आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. जानेवारी २०२४ मध्ये राहुरीच्या वकील दांपत्याचा खून झाला, तेव्हा आपण सगळे कामकाज सोडून बाहेर आलो, वकील संरक्षण कायद्याची मागणी केली. राजस्थान आणि कर्नाटकनं असा कायदा केलाय. पण मंत्रालयात निवेदन देताना, वकिलाला त्याच्या कामासाठी कुणी धमकावू नये, असं आपण लिहितो, आणि इकडं आरोपीचं काम घेतलं म्हणून आपल्याच सभासदाचं टेबल व्हरांड्यात जातं. त्या निवेदनात दम कुठून येणार?

ठराव झाला की सगळा भार विधी सेवा प्राधिकरणावर पडतो. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपींना मोफत बचाव देणारी लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत : चीफ, डेप्युटी, असिस्टंट. करारावरची नेमणूक, ठरलेलं मानधन, खासगी काम बंद. यांतले बरेच जण जीव तोडून काम करतात. पण एकेकाकडं रिमांड, जामीन, सेशन्स ट्रायल आणि तुरुंगभेटी एवढं सगळं. तुरुंगातली भेट म्हणजे जाळीपलीकडून ओरडून बोलणं, शेजारी दहा कुटुंबं तशीच ओरडतायत. हल्ली तारखेला आरोपी व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, दिसतो. त्याला आपण दिसतो का, आपलं ऐकू येतं का, ते विचारेपर्यंत पुढची तारीख पडते. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांतली चारपैकी तीन कच्चे कैदी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नं पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला, जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर जामिनाची वाट दिली. पण तो अर्ज कुणीतरी लिहायचा असतो, आणि सॉल्व्हन्सीवाला, म्हणजे ऐपतीचा दाखला असलेला, जामीनदार मिळेना म्हणून आत राहिलेल्याचा जातमुचलका मागायलाही कुणीतरी उभं राहावं लागतं. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येते. म्हणजे एकदा रिमांडला उभं राहून काम संपलं असं नाही. पुढचे दोन महिने केव्हाही धावावं लागतं. एवढी गरज असताना संघानं अनुभवी फौजदारी वकिलांना घरी बसायला सांगायचं, आणि मग लोकअभिरक्षकाच्या ज्युनिअरनं सेशन्सची फाशीची केस चालवायची!

काही भगिनी सभासद मला म्हणतात, ‘सर, पीडित मुलीला उलटतपासात फाडून काढतात ते आम्हाला बघवत नाही.’ मलाही बघवत नाही. पण त्याचा इलाज कायद्यातच आहे. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, मुलाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातात. चारित्र्यावर शिंतोडे उडवणं, दरडावणं कलम ३३ नं बंद केलंय. सुनावणी बंद दाराआड होते. कुणी मर्यादा सोडली तर उठून हरकत घ्या, बार कौन्सिलकडं तक्रार करा, मी सही करतो. बचावाचा वकीलच नको म्हटल्यानं मुलीचा उलटतपास टळत नाही. तो अपिलातून प्रकरण परत आल्यावर होतो, ती कॉलेजात जायला लागल्यावर, सगळं पुन्हा आठवून.

तेव्हा काहीतरी करायची उबळ खरी असेल तर करण्यासारखं पुष्कळ आहे. पुढच्या घटनेच्या दिवशी सभा घ्याच, पण ठराव असा करा की संघातर्फे पीडित कुटुंबाला दोन वकील विनामूल्य देत आहोत. पोक्सोच्या कलम ४० नं त्यांना वकिलाची मदत घेता येते, पण ते त्यांना कुणी सांगत नाही. अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं कसा जातो, कुठले कागद लागतात, पहिली रक्कम मिळेपर्यंत किती खेटे पडतात हे आपल्याला माहीत आहे, त्या बापाला माहीत नाही. तो प्रमाणपत्राच्या झेरॉक्सची पिशवी घेऊन तहसील ते कोर्ट हिंडत असतो. त्याच्याबरोबर एक ज्युनिअर द्या. सरकारी वकिलावर किती कामं आहेत बघा आणि पालकमंत्र्यांना जादा पदासाठी गाठा. मुद्देमाल प्रयोगशाळेत किती महिने पडून आहे ते माहितीच्या अधिकारात विचारा. जुन्या ठरावांच्या फाइली काढून एका ओळीच्या ठरावानं ते सगळे मागं घ्या, आणि रफी प्रकरणातल्या निकालाची प्रत नोटीस बोर्डावर, त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीच्या, कॉज लिस्टच्या, शेजारी लावा.

आणि पहिल्या रिमांडसाठी संघाची एक यादी करा. दहा वर्षांवर अनुभव असलेले, आळीपाळीनं, ज्याची पाळी त्याचं काम. म्हणजे अमक्यानं पैशासाठी घेतलं, तमका त्या जातीचा म्हणून उभा राहिला, ही कुजबुज उरत नाही. गावानं विचारलं तर अध्यक्षांनी सांगायचं, संघानं पाठवलाय. माझं नाव त्यात कुठल्याही महिन्यात घाला. रविवारचा आणि सुट्टीचा रिमांड मात्र आधी ठरवून घ्या. आरोपीला आणायचं असतं ते नेमकं तेव्हा, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर बाररूमची किल्लीसुद्धा कुणाकडं असते ते शिपायाला विचारावं लागतं.

आपला,
जिल्हा न्यायालयातला एक फौजदारी वकील